फना, वखत आणि रोजचे जगणे

मराठी बोलणारा माणूस पंगतीत जिलेबीचा फन्ना उडवतो, तेव्हा सूफी साधनेतला सर्वांत अवघड शब्द आपल्या तोंडी आहे हे त्याच्या गावीही नसते. 'फना' म्हणजे नाहीसे होणे. सूफींनी हा शब्द 'मी'पण नाहीसे होण्यासाठी वापरला, मराठीने ताटातल्या पदार्थासाठी. असे आणखीही काही शब्द आपल्या बोलीत कायमचे मुक्कामाला आले आहेत. 'वक्त'चा 'वखत' झाला आणि वखताला धावून येणारा तो आपला, अशी माणसाची पारख ठरली. 'दम' म्हणजे श्वास. आपण दम खातो, दम धरतो. 'फिक्र' म्हणजे चिंतन. मराठीत तिची फिकीर, म्हणजे काळजी झाली. 'गाफील' हा शब्द शेताच्या बांधावर, दुकानाच्या गल्ल्यावर आणि परीक्षेच्या खोलीबाहेर सारखाच ऐकू येतो. सूफींच्या भाषेत मात्र ज्याला अल्लाहचे स्मरण राहिले नाही तो गाफील.

ही यादी केवळ व्युत्पत्तीच्या हौसेपोटी दिलेली नाही. ज्या विचाराचे शब्द ताटात, बांधावर आणि गल्ल्यावर जाऊन बसले, तो विचार कधीतरी त्या जागांपर्यंत पोहोचला होता, एवढे तरी त्यावरून कळते. उलट आपल्या समीक्षेत हेच शब्द आले की ते एकदम आभाळात जातात. फना म्हणजे परमानंदाची अवस्था, अद्वैताचा साक्षात्कार, देहभान हरपणे. आणि कालातीत होणे म्हणजे या जगाच्या पलीकडे जाणे. वाचकाला वाटते, हे कुणा औलियाच्या आयुष्यात एखाद्या रात्री घडणारे प्रकरण आहे. सकाळी उठून कामाला जाणाऱ्या माणसाशी त्याचा संबंध नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. आपल्या परंपरेत 'मी'पण सोडणे हा रोजचा सराव आहे, आणि काळाच्या पलीकडे जाणे म्हणजे समोर आलेल्या वखताचे देणे वेळेवर देणे. हे ध्यानात न घेतल्यामुळे मुसलमान मराठी संतकवींचे आपले वाचन अपुरे राहिले, आणि त्याची किंमत आजच्या मुस्लिम मराठी लेखकालाही मोजावी लागते आहे.

प्रथम वाचनाबद्दल. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' वा. सी. बेंद्रे यांनी १९५९ साली संपादित करून प्रसिद्ध केला. रा. चिं. ढेरे यांचे 'मुसलमान मराठी संतकवी' हे पुस्तक १९६७ साली आले. या दोघा संशोधकांचे ऋण मोठे आहे. त्यांनी शोधले नसते तर आपल्यापैकी अनेकांना हा वारसा ठाऊकही झाला नसता. पण या संशोधनानंतर जे सर्वसाधारण लेखन झाले, त्याने एकच शब्द उचलला, तो म्हणजे 'समन्वय'. शेख महंमद म्हणजे हिंदू-मुस्लिम समन्वयाचे प्रतीक. शाह मुंतोजी म्हणजे समन्वय. 'अंबरहुसेनी' ही गीतेवरील टीका लिहिणारे हुसेन अंबरखान म्हणजे समन्वय. पाठ्यपुस्तकात, सभेतल्या भाषणात, राष्ट्रीय एकात्मतेच्या सप्ताहात शेख महंमदांची एकच ओळ पुन्हा पुन्हा उद्धृत होते. अविंध असूनही ज्याच्या हृदयात गोविंद आहे, अशा अर्थाची ती ओळ सर्वांनाच पाठ आहे. अठरा प्रसंगांचा ग्रंथ लिहिणारा कवी एका ओळीत आटोपला.

समन्वय ही वाईट गोष्ट नाही. पण त्या शब्दाने कवीला प्रमाणपत्र करून टाकले. 'असेही मुसलमान होते' हे दाखवण्यासाठी तो पुढे केला जातो, आणि तेवढे काम झाले की पुन्हा कपाटात जातो. कवी काय सांगतो, ते कसे आचरायचे, त्याने सांगितलेली वाट आज चालता येईल का, हे प्रश्न कुणी विचारत नाही. एखाद्या हकिमाच्या नुसख्याची अक्षरे किती सुंदर आहेत याची चर्चा करावी आणि औषध मात्र घेऊ नये, तसे हे झाले.

दुसरीकडे आपण स्वतः काय केले? १९९० साली सोलापुरात पहिले अखिल भारतीय मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून या चळवळीतल्या लेखनाचा गाभा 'आम्ही आहोत' हे सांगणे हा राहिला आहे. आम्ही मराठी आहोत, या मातीतले आहोत, आमच्या मोहल्ल्याला, आमच्या आईच्या बोलीला, आमच्या बेकारीला आणि भीतीलाही साहित्यात जागा आहे, असा हा आवाज. हे आवश्यकच होते. पण त्यामुळे एक पेच निर्माण झाला. आमच्या पूर्वसूरींचे काव्य 'मी नाही' असे सांगते आणि आमचे साहित्य 'मी आहे' असे सांगते. मग त्यांचे आणि आमचे नाते काय? आमच्यातल्या काहींनी संतकवींना आदराने बाजूला ठेवले. काहींना त्यांची अडचण वाटली. फना म्हणजे शरणागती आणि शरणागती म्हणजे दुबळेपणा, असाही एक समज कानावर येतो. या पेचाचे उत्तर शोधायचे तर फना आणि वक्त या दोन कल्पना मुळात काय होत्या, हे पाहिले पाहिजे.

फना आणि बका या जोडीविषयी पहिल्यांदा बोलले ते अबू सईद अल-खर्राज, असे सूफी परंपरा सांगते. जोडी म्हटले ते महत्त्वाचे आहे. फना एकटी येत नाही. तिच्यामागून बका, म्हणजे टिकणे, येते. बगदादचे हजरत जुनैद (मृत्यू ९१०) यांनी या बाबतीत शुद्धीवर भर दिला. बायजीद बिस्तामींची ओळख मस्तीची, तर जुनैद यांची शुद्धीची. त्यांच्या मते भान हरपणे हा मुक्काम नव्हे; हरपून पुन्हा भानावर येणे आणि माणसांत परतणे हा मुक्काम. परतलेला माणूस बाजारात जातो, बोलतो, देणेघेणे करतो. पण पूर्वी प्रत्येक व्यवहारात 'माझे काय?' हा प्रश्न पहिला येत असे, तो आता पहिला येत नाही. म्हणजे फनेची कसोटी खानकाहच्या कोपऱ्यात लागत नाही. ती बाजारात, घरात, भावाभावांच्या वाटणीत लागते.

'वक्त'चेही असेच. इमाम कुशैरी यांनी अकराव्या शतकाच्या मध्याला लिहिलेल्या आपल्या 'रिसाला'त सूफींच्या परिभाषेचा उलगडा केला, त्यात 'वक्त' ही एक संज्ञा आहे. ती घड्याळातली वेळ नव्हे. माणसावर या क्षणी जे येऊन ठेपले आहे, त्याने न निवडता जे त्याच्यापुढे उभे राहिले आहे, ते वक्त. गेल्या काळाची हळहळ आणि येणाऱ्या काळाची धास्ती यांत न अडकता या क्षणाला जे करणे योग्य तेच जो करतो, त्याला सूफींनी 'इब्नुल वक्त', म्हणजे वक्ताचा लेक म्हटले. मराठीतला 'वखत' याच्या किती जवळ आहे पाहा. आपण 'वखत आला' म्हणतो तेव्हा तास-मिनिटे सांगत नसतो. काहीतरी येऊन पडले आहे आणि त्याला तोंड द्यायचे आहे, असे आपण सांगत असतो.

या शब्दाचे पुढे काय झाले, हेही उद्बोधक आहे. उर्दूत 'इब्नुल वक्त'चा रूढ अर्थ आज 'संधिसाधू' असा आहे. वारा येईल तशी पाठ फिरवणारा माणूस. डेप्युटी नजीर अहमद यांनी १८८८ साली याच नावाची कादंबरी लिहिली आणि इंग्रजी राहणीच्या मागे धावलेल्या नायकाला हे नाव दिले. ज्याने क्षणातून आपला स्वार्थ काढून टाकला त्याचे नाव, क्षणातून आपला स्वार्थ साधणाऱ्याला मिळाले. दोन्ही माणसे वर्तमानात जगतात. फरक 'मी'चा आहे. म्हणून या परंपरेत निःस्वार्थ होणे आणि कालातीत होणे या दोन वेगळ्या साधना नाहीत. 'मी' काढून न टाकता केलेले वर्तमानात जगणे हे संधिसाधूपण ठरते. 'आज, आत्ता, भरभरून जगा' असे सांगणारी जी पुस्तके रेल्वे स्टेशनच्या स्टॉलवर मांडलेली असतात, त्यांना हीच कसोटी लावून पाहावी.

आता सरावाकडे येऊ. इमाम गझाली (१०५८–११११) यांनी 'इह्या'मधील एका स्वतंत्र भागात नफ्सशी कसे वागावे याची रीत घालून दिली आहे, आणि त्यासाठी दाखला घेतला आहे तो व्यापाराचा. नफ्स हा आपला भागीदार आहे असे समजा. सकाळी भागीदाराशी अटी ठरवायच्या. दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवायचे. रात्री हिशेब घ्यायचा. खोट आली तर दंड, मग अधिक मेहनत, आणि शेवटी कानउघाडणी. अशा सहा पायऱ्या आहेत. यात कुठेही डोळे मिटून अनंतात विलीन होणे नाही. आहे ती रोजची वही. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांचा चरितार्थ दुकानावर, हातगाडीवर, कारागिरीवर चालतो. दिवसाचा गल्ला मोजून झाल्यावर आणखी पाच मिनिटे बसून 'आज कुणाला तोलात कमी दिले, कुणाशी आवाज चढवला, कुणाचे श्रेय आपल्या नावावर घेतले' एवढे पाहणे, हा मुहासबा. तो कुणालाही समजतो आणि कुणालाही जमतो. तरीही रोज करणारा विरळा.

नक्षबंदी सिलसिल्याने हाच सराव अकरा सूत्रांत बांधला. त्यांतली आठ ख्वाजा अब्दुल खालिक गिज्दुवानी यांची मानली जातात आणि तीन ख्वाजा बहाउद्दीन नक्षबंद (१३१८–१३८९) यांची. 'होश दर दम': प्रत्येक श्वास भानावर राहून घ्यायचा. 'खिल्वत दर अंजुमन': लोकांच्या गर्दीत राहूनच एकांत राखायचा. 'वुकूफे जमानी': गेलेला वेळ स्मरणात गेला की गफलतीत, हे थोड्या थोड्या वेळाने थांबून पाहायचे. गंमत अशी की कालातीत होण्याची ही साधना वेळेवर सक्त पहारा ठेवायला सांगते. ज्याला वेळेचे भान नाही तो काळाच्या पलीकडे जात नाही, तो नुसता गाफील असतो. पाच वक्तांची नमाज हेच वेगळ्या रीतीने शिकवते. सूर्य कुणासाठी थांबत नाही; हातातले काम कितीही मोठे असो, दिवसातून पाच वेळा ते खाली ठेवता येते, आणि खाली ठेवले म्हणून जग बुडत नाही. 'माझ्यावाचून अडेल' हा अहंकार रोज पाचदा उतरवण्याची ही सोय आहे.

या नक्षबंदी परंपरेची खूण आपल्या मराठवाड्यात उभी आहे. औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की पाहायला शाळांच्या सहली येतात. ती ज्यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, ते बाबा शाह मुसाफिर (मृत्यू १७१५) नक्षबंदी होते. त्यांच्या तकियाविषयीच्या 'मलफुजाते नक्षबंदिया' या फारसी ग्रंथात सैनिक, वाटसरू, फकीर यांची ये-जा दिसते. सायमन डिग्बी यांनी २००१ साली त्याचा इंग्रजी अनुवाद केला. सहलीतल्या मुलांना पाणी कुठून येते आणि चाक कसे फिरते हे सांगितले जाते. या चक्कीचे पीठ तकियातल्या आणि वाटेवरच्या माणसांच्या भाकरीसाठी होते, हेही सांगायला हवे. साधनेच्या जागी दळण होते, ही गोष्ट मला पुष्कळ ग्रंथांपेक्षा बोलकी वाटते.

दख्खनशी नाते असलेला दुसरा ग्रंथ म्हणजे 'फवाइदुल फुआद'. अमीर हसन सिज्जी यांनी १३०८ सालापासून हजरत निजामुद्दीन औलिया (रह.) यांच्या मजलिसींतली बोलणी टिपली. पुढे हे अमीर हसन देवगिरीकडे आले; त्यांची कबर खुलदाबादेत आहे. या ग्रंथाचा एक विशेष असा की प्रत्येक मजलिस तारखेसह नोंदलेली आहे. जे बोलणे सर्व काळांसाठी आहे, ते कोणत्या दिवशी, कुणी काय विचारल्यावर, कुणाच्या उपस्थितीत निघाले, हे त्यात सांगितले आहे. सत्याला तारखेचे वावडे नाही, असेच जणू लिहिणाऱ्याला म्हणायचे आहे. निजामुद्दीन औलियांच्या खानकाहचा रिवाजही असाच होता. आलेली भेट साठवायची नाही. दर जुम्म्याला नमाजेच्या आधी कोठार झाडून रिकामे करायचे आणि सारे वाटून टाकायचे. उद्याची फिकीर न करणे ही केवळ मनातली अवस्था राहिली नाही, तिची एक व्यवस्था झाली. आठवड्यातून एकदा झाडू मारण्याइतकी ती साधी होती.

बगदाद, बुखारा आणि दिल्लीचा हा सराव गावातल्या अशिक्षित बाईपर्यंत कसा पोहोचला? याचे एक उत्तर विजापूरच्या परिसरातल्या दखनी 'चक्कीनामा'त सापडते. रिचर्ड ईटन यांनी १९७८ च्या आपल्या विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात या गीतांकडे लक्ष वेधले. दळताना बायांनी म्हणायची ही गाणी. त्यांत जात्याचा एकेक भाग साधनेशी जोडलेला असतो. खुंटा अलिफसारखा उभा, दगडाच्या फेऱ्याबरोबर जिक्र, हाताच्या ओढीबरोबर श्वास. चरख्यावरही अशीच गाणी रचली गेली. आदिलशाहीचा मोठा मुलूख मराठी बोलणारा होता, आणि त्या मुलखात जात्यावर दुसरेही एक गाणे चालत होते, ते म्हणजे ओवी. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. शेख महंमदांनी आपला ग्रंथ ज्या छंदात लिहिला, तोही ओवीच. ग्रंथातली ओवी आणि जात्यावरची ओवी यांची ठेवण वेगळी असली, तरी नाव एक आहे आणि कानही एकच आहे.

ईटन यांचा भर ही गाणी खेड्यापाड्यांत धर्म पोहोचवण्याचे माध्यम कशी ठरली, यावर आहे. ते खरेही असेल. साहित्याचा वाचक म्हणून मला आणखी एक गोष्ट दिसते. चक्कीनामा दळणाऱ्या बाईला 'दळण सोड आणि ध्यानाला बस' असे सांगत नाही. तिच्या हातात जे आहे त्यातच तो ध्यान ठेवतो. दाण्याची मूठ, फेरा, श्वास, नाव. फेरा तोच, पण प्रत्येक वेळी आत पडणारी मूठ नवी. वक्त म्हणजे काय, हे याहून सोपे करून सांगता येणार नाही.

इथेच एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळता कामा नये. पहाटे उठून पाचसहा माणसांचे दळण दळणे हे कष्टाचे काम होते. त्या कष्टाला गाण्याने पवित्र केले, म्हणजे बाईने ते मुकाट करत राहावे याची सोय केली, असे कुणी म्हणेल. या म्हणण्यात तथ्य आहे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायांनी जाते बाजूला सारले, आणि बरेच झाले. साधनेसाठी कुणाच्या खांद्यावर ओझे राहिलेच पाहिजे असे नाही. 'निःस्वार्थ राहा' हा उपदेश आपल्या घरांत बहुतेक वेळा बाईलाच केला जातो. समाजात तो गरिबाला केला जातो, आणि देशात अल्पसंख्याकाला. 'तुमचे वेगळेपण विसरा, तक्रार सोडा, मोठ्या मनाने घ्या.' हे शब्द ऐकायला फनेसारखे असतात. पण फना ही अल्लाहपुढे असते. नवऱ्यापुढे, मालकापुढे किंवा बहुसंख्येपुढे नसते. दुसऱ्याच्या हुकुमाने मिटवलेला 'मी' हा फना झालेला नसतो, तो दडपलेला असतो. आणि दडपलेला 'मी' संधी मिळताच दुप्पट होऊन उठतो. नफ्सचा हिशेब ज्याचा त्याने घ्यायचा असतो. दुसऱ्याची वही तपासायला बसणे हाच एक अहंकार.

अल्लामा इक्बाल यांचाही फनेवर आक्षेप होता. १९१५ च्या 'असरारे खुदी'त त्यांनी आत्मविलोपनाचे गोडवे गाणाऱ्या काव्यपरंपरेवर कठोर टीका केली. हाफिजवरची टीका तर इतकी वादग्रस्त ठरली की पुढच्या आवृत्तीत त्यांनी ती काढून टाकली. गुलाम झालेल्या समाजाला 'स्वतःला विसर' हे सांगणे त्यांना घातक वाटत होते. त्या काळाचा विचार करता त्यांचे म्हणणे समजते. पण त्याच ग्रंथात वक्ताला तलवार म्हणणाऱ्या जुन्या वचनावर त्यांनी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे, हेही पाहावे. ज्या मस्तीवर इक्बाल यांचा राग आहे, तिच्यावर जुनैद यांनीही भरवसा ठेवला नव्हता. हुशारीने, शुद्धीवर राहून, माणसांत परत येऊन केलेली फना खुदीच्या आड येत नाही. नफ्स खाली बसतो तेव्हाच आत्मसन्मान सरळ उभा राहतो, कारण मग त्याला कुणाच्या कौतुकाचीही गरज राहत नाही आणि कुणाची भीतीही उरत नाही.

आता 'योगसंग्राम'कडे पाहू. शके १५६७ (इ. स. १६४५) मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथाला नावच लढाईचे आहे. अहंकार आणि इतर विकारांशी आत चाललेली ही लढाई. सूफींनी नफ्सविरुद्धच्या झुंजीला 'जिहादे अकबर' म्हटले. ज्या रिवायतीवर हा शब्द आधारलेला आहे तिच्या सनदीविषयी हदीसच्या जाणकारांनी शंका घेतली असली, तरी कल्पना म्हणून ती सूफी साहित्यात खोल रुजलेली आहे. चांद बोधल्यांचे शिष्य असलेल्या शेख महंमदांना ती सूफी वाट आणि मराठी संतांची वाट या दोन्ही ठाऊक होत्या. लढाई एका क्षणात जिंकली जात नाही, तिला दिवस लागतात. माघार घ्यावी लागते, पुन्हा चाल करावी लागते. समाधीचे रूपक न घेता कवीने युद्धाचे रूपक घेतले, यातच 'मी'पण सोडणे ही रोजची गोष्ट असल्याची कबुली आहे. या ग्रंथाच्या अध्यायांना 'प्रसंग' म्हटले आहे. अठरा अध्याय नव्हेत, अठरा प्रसंग. कवीने हा शब्द वक्ताच्या अर्थाने योजला असे मी म्हणणार नाही. पण प्रसंगामागून प्रसंगाला सामोरे जात पुढे सरकणारा ग्रंथ म्हणून तो वाचला, तर तत्त्वज्ञानाचा कोश म्हणून वाचण्यापेक्षा जास्त हाती लागते.

दुसरे असे की 'मी'पण सोडायला सांगणारा हा कवी आपले नाव लपवत नाही, आपली जातकुळी लपवत नाही. आपण मुसलमान आहोत हे तो स्वच्छ सांगतो. ढोंगी गुरूंना तो सोडत नाही, ढोंगी पिरांनाही सोडत नाही. ज्याचा 'मी' पुरता मिटला आहे त्याने गप्प बसायला हवे होते, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण इथे उलट घडते. गमावण्यासारखे काही न राहिल्यामुळेच तो दोन्हीकडच्या दांभिकांना नावे ठेवू शकतो. समन्वयाच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना त्याचा मऊपणा दिसतो, हा खरखरीतपणा दिसत नाही. 'मी नाही' आणि 'मी आहे' यांतला जो पेच सुरुवातीला सांगितला, तो शेख महंमदांच्या ग्रंथात पेच म्हणून येतच नाही. दावा करणारा 'मी' जातो आणि साक्ष देणारा 'मी' राहतो.

साक्षीचा मुद्दा काळाच्या संदर्भात आणखी महत्त्वाचा आहे. १९९२-९३ च्या मुंबईतील दंगलींनंतर मुस्लिम मराठी कवितेत आणि कथेत स्मृतीला मोठी जागा मिळाली. 'आता किती दिवस तेच, पुढे बघा' असा सल्लाही तेव्हापासून मिळत आला आहे. वर्तमानात जगण्याची शिकवण या सल्ल्याच्या बाजूने उभी आहे असे कुणाला वाटेल, तर ते चूक ठरेल. गेलेल्या काळाची हळहळ वेगळी आणि गेलेल्या काळाची साक्ष वेगळी. हळहळ माणसाला त्या रात्रीतच कोंडून ठेवते. साक्ष ही आजच्या वखताची मागणी असते. कुणी आज विचारते आहे, कुणी आज खोटे सांगते आहे, म्हणून आज खरे सांगायचे. त्या काळावर लिहिताना आपल्या काही कविता हळहळीतच फिरत राहिल्या, आणि काही साक्षीपर्यंत पोहोचल्या. दोन्हींत दुःख सारखेच आहे. पहिल्या प्रकारात कवीच्या जखमेवर नजर खिळते, दुसऱ्या प्रकारात त्या गल्लीत राहणाऱ्या माणसांवर. चांगली कविता निवडायला मला हा निकष उपयोगी पडतो.

मराठीत सूफी विचाराचा परिचय करून देणारी पुस्तके आहेत. सेतुमाधवराव पगडी, डॉ. अलीम वकील, डॉ. मुहम्मद आजम यांनी ही वाट चांगली मोकळी केली. सिलसिले, मुक्काम, अवस्था, परिभाषा हे आता मराठी वाचकाला समजू शकते. पुढचे काम समीक्षकाचे आहे. या परिभाषेने आपले साहित्य, जुने आणि नवे, वाचून दाखवायचे. एखाद्या कथेतला हमाल, शिवणकाम करणारी विधवा, सौदीत नोकरीला गेलेला मुलगा आणि इकडे त्याच्या फोनची वाट पाहणारी आई, यांच्या वागण्यात 'मी' कुठे पुढे येतो आणि कुठे मागे सरतो. लेखकाला त्यांचा वखत दिसतो की नुसती त्यांची परिस्थिती दिसते, हे विचारायचे. परिस्थितीचे वर्णन वार्ताहरही करतो. वखत ओळखणे लेखकाचे काम.

आणि लेखकाला स्वतःलाही यातून सुटका नाही. लिहिणे हा नफ्सचा आवडता धंदा आहे. नाव छापून येते, सत्कार होतो, संमेलनात खुर्ची पुढे की मागे यावर रुसवे होतात. गझालींचा भागीदार इथे सर्वांत जास्त खोट करतो. तेव्हा रात्रीच्या हिशेबात एक प्रश्न वाढवावा लागेल: आज जे लिहिले, त्यातले किती त्या माणसासाठी लिहिले ज्याच्याविषयी लिहिले, आणि किती स्वतःसाठी? उत्तर दर वेळी सुखाचे येणार नाही. तरी वही बंद करायची नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायची. फना फार दूरची असेल. हिशेब मात्र आज रात्रीचा आहे, आणि तो चुकवणाऱ्याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: गाफील.